कोड खुला, पण मालकी कोणाची?

२० मार्च २०२४ रोजी रेडिस कंपनीने जाहीर केले की, तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेटाबेसची ७.४ पासून पुढची कोणतीही आवृत्ती बीएसडी या, कोड कोणालाही जवळपास विनाअट वापरू देणाऱ्या परवान्याखाली मिळणार नाही. त्याऐवजी दोन नवे परवाने आले आणि दोहोंचा रोख एकच होता : कोड वाचा, वापरा, हवा तर बदला, पण त्यावर क्लाउड सेवा (म्हणजे तो इंटरनेटवरून भाड्याने चालवून देण्याचा धंदा) उभारून आमच्या पोटावर पाय देऊ नका. रेडिस ही काही कोपऱ्यात पडलेली वस्तू नव्हे. माहिती प्रामुख्याने मेमरीत ठेवणारा आणि म्हणून क्षणार्धात उत्तर देणारा हा डेटाबेस सिसिलीतल्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये लिहायला घेतला. लॉगिन केलेल्या माणसाची ओळख टिकवणे, खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू लक्षात ठेवणे, काही मिनिटांत बाद होणारा ओटीपी जपून ठेवणे अशा कामांसाठी तो जगभरच्या संकेतस्थळांच्या पोटात बसलेला असतो. रेडिसचा गाभा बीएसडीखालीच आहे आणि राहील, असे याच कंपनीने २०१८ मध्ये, आपल्या काही जोडभागांचे परवाने बदलताना, निक्षून सांगितले होते.

घोषणेनंतर आठच दिवसांनी खुल्या प्रकल्पांना आसरा देणाऱ्या लिनक्स फाउंडेशनने ‘व्हॅल्की’ची घोषणा केली. रेडिसच्या ७.२.४ या खुल्या आवृत्तीवरून काढलेला हा फोर्क, म्हणजे मूळ कोडची प्रत घेऊन वेगळी चालवलेली शाखा, होता आणि त्यामागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन आणि स्नॅप या कंपन्या उभ्या होत्या. ज्यांना दूर ठेवण्यासाठी परवाना बदलला, त्यांच्याच हाती मूळ कोडची एक स्वतंत्र, खुली आणि भक्कम पाठबळ असलेली शाखा गेली.

ही वाट रेडिसने शोधलेली नाही. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये, इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र बनवणाऱ्या इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये आणि सर्व्हर उभारण्याचे टेराफॉर्म हे साधन बनवणाऱ्या हॅशीकॉर्पने १० ऑगस्ट २०२३ रोजी हेच केले. दरवेळी वादाचे दोन ठरलेले तट पडतात. एका बाजूला ‘विश्वासघात’ म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला ‘क्लाउडवाले फुकटात लुटत असताना बिचाऱ्या कंपनीने करायचे तरी काय’ असे विचारणारे. माझे म्हणणे असे आहे की दोन्ही तट परवान्याकडेच पाहत बसतात, आणि परवाना हा या प्रश्नाचा गाभाच नाही. ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचा, परवाना हातात असलेल्या कोडबद्दल पक्का शब्द देतो; उद्या लिहिल्या जाणाऱ्या कोडबद्दल तो काहीही सांगत नाही. उद्याचे काय, हे ठरते ते प्रकल्पाचे नाव, कोडचे हक्क आणि निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती आहे यावरून. आपण, म्हणजे सॉफ्टवेअर निवडणारे अभियंते आणि सार्वजनिक पैशातून ते घेणारी सरकारे, हे तपासतच नाही.

कंपन्यांची तक्रार खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ॲमेझॉन २०१३ पासून आपल्या ग्राहकांना रेडिस चालवून देण्याचे पैसे घेत आली आहे आणि २०१५ पासून इलॅस्टिकसर्चही. डेटाबेस लिहिण्याचा, त्यातल्या चुका निस्तरण्याचा खर्च एकाचा आणि तो भाड्याने देण्याचा नफा दुसऱ्याचा, हा व्यवहार ‘आयत्या बिळावर नागोबा’ या म्हणीत चपखल बसतो. इलॅस्टिकचा राग तर आणखी रास्त होता, कारण ॲमेझॉनने आपल्या सेवेच्या नावातच तिचे नाव वापरले होते. पण त्या रागावरचा उपाय कायद्यात आधीच होता. इलॅस्टिकने २०१९ मध्ये ट्रेडमार्कचा दावा लावला, २०२२ मध्ये तडजोड झाली आणि ॲमेझॉनच्या सेवेतून ते नाव गेले. त्यासाठी परवाना बदलण्याची काहीच गरज नव्हती.

शिवाय, उदार परवाना कोणी या कंपन्यांच्या गळ्यात बांधला नव्हता. बीएसडी किंवा तसाच मोकळा असलेल्या अपाची परवान्याचा कोड कायदा विभागाला न विचारता वापरता येतो, म्हणूनच तो हजारो कंपन्यांत शिरला, अभियंत्यांच्या सवयीचा झाला, नोकरीच्या जाहिरातींत त्याचे नाव येऊ लागले. बंद उत्पादनाला ही पोच मिळवायला जाहिरात आणि विक्रीवर अफाट खर्च करावा लागला असता. हा फायदा पदरात पडल्यावर त्याच उदारपणाला भाबडेपणा म्हणणे सोयीचे आहे. आणि तारखाही पाहाव्यात. मोंगोडीबी ऑक्टोबर २०१७ मध्ये शेअर बाजारात आली आणि बरोबर वर्षाने तिचा परवाना बदलला. इलॅस्टिक ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, सव्वादोन वर्षांत बदल. हॅशीकॉर्प डिसेंबर २०२१ मध्ये आली, दोन वर्षेही पुरी झाली नाहीत. उपासमारीने गांजलेल्या संस्थांचे हे निर्णय नव्हेत. दर तिमाहीला वाढ दाखवण्याची जबाबदारी अंगावर आलेल्या कंपन्यांचे ते आहेत. भागधारकांचे हित पाहणे हे अशा कंपनीचे कामच आहे, तेव्हा तिला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. तिच्या हाती असा निर्णय एकटीने घेण्याची सोय कशी राहिली, हे पाहिले पाहिजे.

ती सोय कशी राहते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका अभियंता मुलीला टेराफॉर्ममध्ये एक चूक सापडते. ती दोन रात्री जागून दुरुस्ती करते, चाचण्या लिहिते आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवते. पहिले उत्तर माणसाचे नसते, बॉटचे असते : आपण अजून योगदान-करारावर, म्हणजे सीएलएवर, सही केलेली नाही, कृपया या दुव्यावर जा. दुव्यावर दोन-तीन पानांचा मजकूर असतो. त्यात लिहिलेले असते की तुमच्या कोडचे हक्क तुमचेच राहतील, हे वाचून बरे वाटते. पुढच्या कलमात मात्र तिने कंपनीला कायमचा, जगभर लागू असणारा, परत न घेता येणारा हक्क दिलेला असतो आणि त्यात तो कोड कंपनीला योग्य वाटेल त्या अटींवर पुढे इतरांना देण्याचाही हक्क असतो. मुलगी बटण दाबते, बॉट हिरवी खूण दाखवतो. जगाने तिचा कोड खुल्या परवान्याखाली घेतला. कंपनीने तो त्याहून कितीतरी सैल अटींवर घेतला. अशा शेकडो हिरव्या खुणांच्या बळावर १० ऑगस्ट २०२३ रोजी हॅशीकॉर्पला कोणालाही न विचारता पुढच्या सगळ्या आवृत्त्या, स्पर्धकांना मज्जाव करणाऱ्या बिझनेस सोर्स परवान्याखाली नेता आल्या.

अपाची फाउंडेशनही योगदान देणाऱ्यांकडून जवळपास याच भाषेतला करार घेते, हे इथे सांगितले पाहिजे. फरक कागदात नाही, कागद ज्याच्या नावे आहे त्याच्यात आहे. अपाची ही ना-नफा धर्मादाय संस्था आहे, तिला भागधारक नाहीत आणि उद्या कोणी तिला विकत घेऊ शकत नाही. हॅशीकॉर्प मात्र ६४० कोटी डॉलरना विकत घेण्याची घोषणा आयबीएमने एप्रिल २०२४ मध्ये केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सौदा पुरा झाला. त्या मुलीने सही केली तेव्हा आपण आयबीएमला काही देत आहोत, हे तिच्या स्वप्नातही नसणार.

रेडिसची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि जास्त बोलकी आहे. बीएसडी परवाना इतका मोकळा आहे की कोणीही तो कोड घेऊन आपल्या अटींच्या पिशवीत घालू शकतो. त्यासाठी सीएलएचीही गरज नाही. अलीकडच्या वर्षांत रेडिसच्या कोडमध्ये टेन्सेंट, अलिबाबा आणि ॲमेझॉनच्या कर्मचाऱ्यांनी मोठी भर घातली होती. मग तेच पाऊल टेन्सेंटने का उचलले नाही? तिने कोड उचलून बंद केला असता तर जगाने ढुंकूनही पाहिले नसते, कारण ‘रेडिस’ हे नाव, अधिकृत रेपो (कोडचा साठा) आणि संकेतस्थळ तिच्याकडे नव्हते. ते सानफिलिप्पो यांच्याकडून कंपनीकडे गेले होते. कोड सगळ्यांचा होता, पत्ता एकाचा होता. लोक पत्त्यावर येतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्या वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. सदनिकाधारक पूर्ण पैसे भरतात, गृहनिर्माण संस्था नोंदली जाते, वर्षानुवर्षे देखभाल खर्च सगळे मिळून करतात. पण कन्व्हेयन्स झालेले नसते, जमीन बिल्डरच्याच नावावर राहते आणि चटईक्षेत्र वाढले की मोकळ्या जागेत दुसरी इमारत उभी करायला तो हजर होतो. १९६३ च्या मोफा या सदनिका-मालकीच्या कायद्यात हस्तांतराचे बंधन असूनही ते पाळले जात नाही, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने, बिल्डरने टाळले तरी होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. सॉफ्टवेअरच्या जगात असा कायदा नाही आणि यावा असेही माझे म्हणणे नाही. पण घर घेताना जमिनीचे कागद मागणारे लोक डेटाबेस घेताना दारावरची पाटी वाचून समाधान मानतात, याचे मला नवल वाटते.

नव्या परवान्यांच्या अटीही एकदा नीट वाचाव्यात. मोंगोडीबीने लिहिलेल्या आणि पुढे इलॅस्टिक व रेडिस यांनीही घेतलेल्या एसएसपीएल या परवान्याच्या तेराव्या कलमानुसार, हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून देणाऱ्याने आपली व्यवस्थापन, बॅकअप, साठवण आणि देखरेख यांची सगळी यंत्रणाही त्याच परवान्याखाली खुली करायची असते. हे व्यवहारात जवळपास कोणालाच शक्य नाही. कोणता परवाना ओपन सोर्स मानायचा हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने हा परवाना मान्य केला नाही. मोंगोडीबीने २०१९ मध्ये मान्यतेचा आपला अर्ज मागे घेतला होता. हॅशीकॉर्पच्या परवान्यात कोड चार वर्षांनी खुला होतो, तोवर कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा देता येत नाही. स्पर्धा म्हणजे काय हे कंपनीच्या उत्पादनांवरून ठरणार, आणि कंपनी पुढच्या वर्षी कोणते उत्पादन काढेल हे कोणाला ठाऊक? आज ग्राहक असलेला छोटा व्यावसायिक उद्या आपोआप स्पर्धक ठरू शकतो.

आता याच्या उलट टोकाला पोस्टग्रेस पाहा. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या संशोधनातून निघालेला आणि १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने चालत आलेला हा डेटाबेस बीएसडीसारख्याच मोकळ्या परवान्याखाली आहे. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल तिघेही तो सेवा म्हणून जोरात विकतात. ‘क्लाउडवाले ओपन सोर्सला खाऊन टाकतात’ हा सिद्धान्त खरा असता तर पोस्टग्रेसचा परवाना केव्हाच बदलला असता. तसे झाले नाही, कारण तो बदलण्याची चावी कोणा एकाकडे नाही. कोडचे हक्क ज्याचे त्याच्याकडे आहेत आणि प्रकल्प चालवणारा गाभा गट कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात जाऊ नये, असा तिथे दंडक आहे. तो कागदावरचा नाही, हे २०२० मध्ये दिसले. पोस्टग्रेसवर धंदा करणाऱ्या एंटरप्रायझडीबीने त्याच क्षेत्रातली सेकंड क्वाड्रंट ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली आणि गाभा गटातल्या निम्म्याहून अधिक जागा एकाच कंपनीच्या लोकांकडे आल्या. महिना-दोन महिन्यांत त्या गटात इतर कंपन्यांतले दोन सदस्य वाढवून तोल पुन्हा सावरण्यात आला. बाहेरच्या जगात याची बातमीसुद्धा झाली नाही. पुण्यात एंटरप्रायझडीबीचे मोठे कार्यालय आहे. तिथल्या अभियंत्यांचा पगार ही कंपनी देते, त्यांचा कोड मात्र अशा ठिकाणी जातो जिथे त्यांच्या मालकाला बहुमत मिळवता येत नाही. कंपनी तरीही पोस्टग्रेसवर धंदा करते.

लिनक्सचेही तसेच. तिथे सीएलए नाही; २००४ पासून प्रत्येक पॅचखाली (कोडमधल्या बदलाखाली) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ असते, जिने पाठवणारा एवढेच सांगतो की हा कोड याच परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे. हक्क हजारो लोकांत विखुरलेले असल्याने लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याही मनात आले तरी कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, परवाना बदलणे अशक्यप्राय आहे. ही विस्कळीत मालकीच त्याचे संरक्षण आहे.

मग सगळे प्रकल्प फाउंडेशनच्या हवाली केले की झाले काय? तेवढ्याने भागत नाही. लिनक्स फाउंडेशन ही उद्योगांची संघटना आहे, धर्मादाय संस्था नव्हे. तिच्या सभासद कंपन्या पैसे देतात आणि त्यांचे वजन तिथे असते. व्हॅल्की आज तगून आहे ते ॲमेझॉन, गूगल यांना त्याची निकड आहे म्हणून. ओपनटोफू हा टेराफॉर्मचा फोर्कही ज्यांचा धंदाच टेराफॉर्मवर उभा होता अशा कंपन्यांनी एकत्र येऊन उभा केला. ‘परवाना बदलला तर फोर्क करू’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते. पण फोर्क करणे म्हणजे बटण दाबून रेपोची प्रत काढणे नव्हे. डझनभर जाणकार अभियंत्यांचा पगार, सुरक्षेच्या सूचना हाताळणारी माणसे, जुन्या वापरकर्त्यांना नव्या नावाकडे वळवण्याचे कष्ट, एवढे सगळे त्यात येते. मोठ्या प्रकल्पाला हा खर्च उचलणारा धनको भेटतो. एखाद्या जिल्हा बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या प्रणालीत बसलेल्या छोट्या घटकाने उद्या परवाना बदलला, तर ॲमेझॉन धावून येणार नाही. फोर्कचा हक्क कागदोपत्री सर्वांना सारखा आहे, वापरता येतो तो फारच थोड्यांना.

यावर कोणी म्हणेल की कंपन्या आता वळणावर आल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय दिला. मे २०२५ मध्ये रेडिसनेही आठव्या आवृत्तीसाठी तेच केले, आणि त्याआधी सानफिलिप्पोही कंपनीत परतले होते. एजीपीएल हा खराखुरा ओपन सोर्स परवाना आहे आणि क्लाउडवाल्यांना आपले बदल झाकून ठेवू न देणारा, म्हणून माझ्या मते सुरुवातीपासून तोच निवडायला हवा होता. तरीही झाल्या प्रकारावर पडदा टाकायला मी तयार नाही. ज्या खोलीत २०२४ चा निर्णय झाला त्याच खोलीत २०२५ चाही झाला. जो अधिकार दोनदा वापरला गेला तो तिसऱ्यांदा वापरता येणार नाही, असे मानायला आधार काय? दरम्यान फेडोरासारख्या लिनक्स वितरणांनी आपल्या संग्रहात रेडिसच्या जागी व्हॅल्की आणले, आणि असे स्थलांतर एकदा झाले की कोणी हौसेने परत फिरत नाही.

आपल्याकडच्या कंपन्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. मुंबईच्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर जीपीएल या, बदलून वाटलेला कोडही खुलाच ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली ठेवले आहे. ती पैसे मिळवते ते मुख्यतः होस्टिंग आणि सेवेतून. जीपीएल घेतल्यामुळे पुढे ‘आम्हाला लुटले’ म्हणण्याची वेळ येऊ नये, याची तजवीज तिने आधीच केली, याचे मला कौतुक आहे. पण नाव आणि निर्णय तिथेही एका कंपनीचे आहेत. आजच्या चालकांचा सद्हेतू मला मान्य आहे. मात्र सद्हेतू वारसाहक्काने जात नाही, कंपनी जाते.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न इथेच येतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या प्रणालींत ओपन सोर्सला प्राधान्य द्यावे, निविदेत त्याचा विचार करण्याची अट असावी आणि पुरवठादाराने ते वगळले तर कारण द्यावे, असे ते सांगते. चांगलेच धोरण आहे, पण त्याची व्याख्या परवान्यापाशी थांबते : कोड पाहता, बदलता, वाटता येतो ना, आणि त्यावर रॉयल्टी नाही ना. या चाळणीतून ऑगस्ट २०२३ पूर्वीचे टेराफॉर्म आणि मार्च २०२४ पूर्वीचे रेडिस पोस्टग्रेसइतक्याच सहजपणे पार झाले असते. निविदेत आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात. प्रकल्पाचे नाव कोणाच्या मालकीचे आहे? आणि परवाना एकट्याच्या मर्जीने बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे का? उत्तर ‘एका कंपनीकडे’ असे आले म्हणून ते सॉफ्टवेअर बाद करू नये. मात्र त्या जोखमीची किंमत गुणांकनात धरावी आणि परवाना बदलल्यास पुरवठादार स्वखर्चाने पर्यायी शाखेवर नेऊन देईल, अशी अट करारात असावी. पुरवठादारही मग खाली काय वापरायचे ते जरा विचार करून ठरवतील.

यात वाढीव कागद आहेत आणि कामे लांबतील, ही खात्यांची हरकत मला मान्य नाही. सरकारी प्रणालीच्या देखभालीचे करार अनेक वर्षांचे असतात. परवाना बदलताना हॅशीकॉर्पने जुन्या, खुल्या आवृत्त्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत देण्याचे कबूल केले होते. म्हणजे घोषणेपासून पाच महिनेही नाहीत. तेवढ्या काळात आपल्याकडे तांत्रिक समितीच्या बैठकीची तारीखसुद्धा नक्की होत नाही.